हाकेच्या अंतरावर

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘रिकामं’ आहे, काहीतरी पाठवा, असं संपादकांनी कळवलं. त्यांच्या मनात ओस पडलेले वाडे, आटलेल्या विहिरी, मुलं परदेशी गेलेली घरं असं काही असावं. मला आठवली ती एका मित्राने गप्पांच्या ओघात सांगितलेली कम्प्युटर लॅब. चाळीस मशीन्स, आणि एकाच्याही पोटात हार्डडिस्क नाही. तरी रोज सकाळी सगळी सुरू होतात. म्हटलं, बघून येऊ.

पोटात काही नाही

कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. लॅब सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘मॅडम’ म्हणतात, प्राचार्यसुद्धा. पदाने त्या लॅब असिस्टंट. पण विभागप्रमुखांनी मला थेट त्यांच्याकडेच धाडलं. ‘‘सर्व्हरचं काय ते मॅडमना विचारा. आम्ही फक्त शिकवतो.’’

मॅडमनी एका मशीनचं झाकण उघडलं. आत मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, धुळीने करडा झालेला पंखा. डिस्क बसवायचा पत्र्याचा कप्पा मोकळा, तिची केबल गुंडाळून रबरबँडने बांधलेली. ‘‘आधी होत्या हो डिस्क. दरवर्षी काही ना काही जायच्याच. वर व्हायरस. एका पोराने पेनड्राइव्ह लावला की मी आठवडाभर फॉरमॅट मारत बसायची. आता सगळं त्या एका डब्यात,’’ असं म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरकडे बोट केलं.

मग त्यांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. पहिल्या ओळीत नेटवर्क कार्डाचा नंबर. त्याखाली ‘डीएचसीपी’, आणि त्यापुढे एक बारीक रेघ उभी, तिरकी, आडवी होत जागच्या जागी फिरत राहिली. दोनेक सेकंदांत रेघ थांबली, तिच्या जागी आकड्यांच्या चार ओळी आल्या, मग टिंबांची रांग, आणि थोड्या वेळाने लिनक्सचा निळा पडदा. मुलं अशा वेळी मोबाईल बघत असतात. पण सगळी गंमत त्या फिरणाऱ्या रेघेत आहे.

मशीनला वीज मिळते तेव्हा त्याला स्वतःबद्दल एकच गोष्ट माहीत असते: कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस. आपण कुठल्या गावात, कुठल्या खोलीत, आपला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, काय, सर्व्हर कुठे, काही ठाऊक नाही. कार्डाच्या रॉममध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याचं नाव पीएक्सई, बोलताना ‘पिक्सी’. इंटेलने त्याची २.१ ही आवृत्ती १९९९मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढची कित्येक वर्षं मशीन्स तीच बोली बोलत आली. हा प्रोग्रॅम अंधारात हाक मारतो. पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.०, म्हणजे ‘मी अजून कुणी नाही’. घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो कुणी ऐकत असेल तो’. नेटवर्कवाले याला ब्रॉडकास्ट म्हणतात, आणि पत्ता मागायच्या या रीतीला डीएचसीपी.

ऐकणारा सर्व्हर तीन गोष्टी सांगतो: हा तुझा आयपी, या पत्त्यावर फाईल मिळेल, आणि फाईलचं नाव अमुक. मशीन त्या पत्त्यावर जातं, टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या पद्धतीने फाईल आणतं, मेमरीत ठेवतं आणि तिच्या हाती कारभार सोपवतं. पुढे लिनक्सचा गाभा येतो, आणि ज्याला आपण ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो तो सर्व्हरवरूनच दिसायला लागतो. मॅडमनी सर्व्हरवर एक नवीन सॉफ्टवेअर टाकलं की दुसऱ्या दिवशी ते चाळीसही जागी असतं. शाळा-कॉलेजांसाठी हे सोपं करणारा ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ जिम मॅक्विलनने १९९९मध्येच सुरू केला. इथल्या सर्व्हरवरही त्याचीच पुढची आवृत्ती चालते.

राउटर हाक अडवतो

खालच्या मजल्यावर हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून दुसऱ्या मजल्यावर नवी लॅब झाली. रंगरंगोटी, एसी, नव्या खुर्च्या. नेटवर्कचं काम एका व्हेंडरला दिलं. त्याने शिस्तीत वरच्या लॅबला वेगळं नेटवर्क दिलं आणि मध्ये राउटर बसवला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वरचं एकही मशीन उठेना. पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’, म्हणजे कुणाचंही उत्तर आलं नाही.

‘‘केबली बदलल्या, स्विच बदलला, एका मशीनचा मदरबोर्डसुद्धा बदलला,’’ मॅडम सांगत होत्या. ‘‘व्हेंडर म्हणतोय माझं नेटवर्क ओके आहे. इंटरनेट चालतंय ना, मग? आणि खरंच, लॅपटॉप लावून आयपी हाताने दिला की इंटरनेट धडाधड चालायचं.’’

व्हेंडर खोटं बोलत नव्हता. राउटर आपलं काम चोख करत होता, आणि ब्रॉडकास्ट अडवणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. राउटरला जितक्या नेटवर्कशी बोलायचं, तितके त्याला इंटरफेस. एका इंटरफेसवर आलेली, नाव घेऊन पाठवलेली चिठ्ठी तो दुसऱ्या इंटरफेसवरून बाहेर धाडतो. पण ‘जो कुणी ऐकत असेल तो’ अशी हाक आली की ती तिथल्या तिथे संपवतो. संपवली नाही तर जगातल्या प्रत्येक मशीनची हाक प्रत्येकाच्या कानावर आदळत राहील. त्यामुळे डिस्क नसलेलं मशीन हाकेच्या अंतरावरच मदत मागू शकतं, आणि ते अंतर राउटरच्या इंटरफेसपाशी संपतं. वरच्या लॅबची हाक जिन्याच्या वरच अडली होती.

उपाय एका ओळीचा. लॅबकडे तोंड असलेल्या इंटरफेसवर ती लिहायची. सिस्कोच्या भाषेत ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ आणि पुढे सर्व्हरचा आयपी. इतर कंपन्यांच्या राउटरवर तिला ‘डीएचसीपी रिले’ म्हणतात. ही ओळ असली की राउटर ती हाक मरू देत नाही. तिच्यातल्या एका ठरलेल्या रकान्यात तो स्वतःच्या त्या इंटरफेसचा आयपी भरतो आणि आता नाव घालून ती सर्व्हरकडे रवाना करतो. सर्व्हर तो रकाना वाचून ओळखतो की हे पोर वरच्या लॅबमधलं. मग त्या लॅबसाठी राखलेल्या आयपींतला एक काढून देतो. उत्तर राउटरकडे येतं, राउटर ते मशीनच्या हवाली करतो. म्हणजे इंटरफेसला दिलेला आयपी एकाच वेळी दोन कामं करतो: मशीनसाठी तो बाहेर जायचा दरवाजा, आणि सर्व्हरसाठी मशीन कुठल्या खोलीत आहे त्याची खूण. इथला एक आकडा चुकला की सर्व्हरला खोलीच ओळखता येत नाही, आणि तो गप्प बसतो.

कॉलेजचा एक माजी विद्यार्थी हिंजवडीत नेटवर्कच्या कामावर आहे. मॅडमनी त्याला फोन लावला. त्याने राउटरची सेटिंग व्हॉट्सॲपवर मागवली आणि बघितल्या बघितल्या सांगितलं, की ओळ आहे, पण चुकीच्या इंटरफेसवर आहे. व्हेंडरने ती सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसवर लिहिली होती. मी नंतर ज्या ज्या नेटवर्कवाल्याशी बोललो, त्याने हीच चूक आधी सांगितली. मदत सर्व्हर करणार, म्हणून ओळ सर्व्हरच्या बाजूला, असं माणसाला वाटतं. पण हाक जिथे ऐकू येते, तिथेच ती उचलावी लागते.

ओळ बरोबर जागी गेली, तरी काम झालं नव्हतं. ई५१ जाऊन ई३२ आला. आता आयपी मिळत होता, पण फाईल येत नव्हती. यामागचं कारण टीएफटीपीच्या जुन्या सवयीत आहे. मशीन सर्व्हरच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर फाईल मागतं, पण सर्व्हर उत्तर देतो ते दुसऱ्याच, त्या वेळेपुरत्या निवडलेल्या पोर्टवरून. मधल्या फायरवॉलमध्ये फक्त ६९ उघडा ठेवला होता, म्हणून उत्तर वाटेतच अडत होतं. तेही मोकळं केलं आणि उद्घाटनाला वरची सगळी मशीन्स उठली. फीत आमदारांनी कापली.

डिस्क महाग होती तेव्हा

बिनडिस्कच्या मशीनची ही कल्पना डिस्क नकोशी झाल्यामुळे जन्मली नाही. ती परवडत नव्हती म्हणून जन्मली. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘सन’सारख्या कंपन्या वर्कस्टेशन विकत होत्या, आणि प्रत्येक टेबलावर डिस्क देणं म्हणजे किंमत भलतीच वाढणं. मग टेबलावर बिनडिस्कचं मशीन आणि मोठी डिस्क एकाच सर्व्हरला. सुरुवातीला मशीन आपला पत्ता विचारायला जी पद्धत वापरायचं ती राउटर ओलांडूच शकत नव्हती. सप्टेंबर १९८५मध्ये स्टॅनफर्डच्या बिल क्रॉफ्ट आणि सनच्या जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ हा नियम लिहून काढला. त्यांनी त्या चिठ्ठीत पत्ता आणि १२८ बाइटांचा फाईलच्या नावाचा रकाना तर ठेवलाच, शिवाय मधल्या राउटरने भरायचा एक रकानाही ठेवला. सातारा जिल्ह्यातला राउटर आज भरतो तो हाच रकाना. १९९३मध्ये डीएचसीपी आलं तेव्हा त्याने बूटपीची चिठ्ठी जवळपास जशीच्या तशी घेतली. घरच्या वायफायवर तुमचा फोन आयपी मागतो, तेव्हा त्या चिठ्ठीत फाईलच्या नावाची जागा अजूनही असते. बहुतेक वेळा ती कोरीच जाते.



टीएफटीपी बूटपीहूनही जुनं, १९८०च्या आसपासचं, आणि त्याचं वय दिसतं. ५१२ बाइट पाठवायचे, ‘मिळाले’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं, मग पुढचे ५१२. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ला संपणारा. त्यामुळे मूळ पद्धतीने साधारण ३२ एमबीहून मोठी फाईल जायचीच नाही. १९९५मध्ये तुकडा मोठा करायची सोय नियमात आली. हल्लीचे शहाणे लोक टीएफटीपीने फक्त एक इवलीशी फाईल आणतात आणि बाकीचं वेबसाइट ज्या मार्गाने येते त्या एचटीटीपीने ओढतात. २०१५पासून मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्येच ही सोय नियमाने आली. तरी जुनं टीएफटीपी मरत नाही. इतकं लहान आहे की कुठल्याही रॉमच्या कोपऱ्यात मावतं.

दोनदा सांगितल्याशिवाय न ऐकणारं मशीन

वरच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या रांगेतली सहा मशीन्स ‘हट्टी’ म्हणून प्रसिद्ध होती. पहिल्यांदा एरर देणार, एन्टर दाबला की मुकाट चालू होणार. मुलांनी हे गृहीतच धरलं होतं. एका मुलीने मला शांतपणे सांगितलं, ‘‘सर, याला दोनदा सांगावं लागतं.’’

दोष मशीनचा नव्हता. त्या रांगेच्या केबली जिथे एकत्र येतात तो स्विच वेगळा होता. स्विचच्या पोर्टला जाग आली की तो लगेच काही पुढे सोडत नाही. आपल्या पलीकडे दुसरा स्विच तर नाही ना, वाट गोल फिरून पुन्हा आपल्याकडेच तर येत नाही ना, याची खात्री करून घेतो. हा स्पॅनिंग ट्री नावाचा बंदोबस्त, रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५मध्ये शोधलेला. जुन्या पद्धतीत पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच उघडतो. पिक्सीच्या नियमात चार हाका आहेत, अनुक्रमे ४, ८, १६ आणि ३२ सेकंद वाट पाहायच्या. पण कित्येक कार्डं इतका धीर धरत नाहीत. दोन-तीन हाकांत हरतात. हाक वाया जाते ती बंद पोर्टवर आदळून. मुलगी एन्टर दाबते तोवर तीस सेकंद उलटलेले असतात, आणि दुसरी हाक थेट पोचते.

ज्या पोर्टला फक्त मशीनच जोडलेलं आहे, त्याला ‘थांबू नकोस’ असं सांगणारी सेटिंग असते. सिस्कोवाले तिला पोर्टफास्ट म्हणतात. माझ्यासमोरच मॅडमनी ती सहाही पोर्टवर चढवली. पण स्विचला स्विच जोडला आहे त्या पोर्टवर ती चुकूनही लावायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं, जणू मीच आता ते करणार होतो.

लाईट आली की

दुपारी लाईट गेली. आमच्याकडे ती जातेच. इन्व्हर्टरवर फक्त ट्यूबलाइट आणि पंखे. दहा-बारा मिनिटांनी आली तेव्हा मला वाटलं, आता सगळं एकदम उठेल. कुणीच बटणाला हात लावला नाही. दाराजवळ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद चिकटवलेला आहे: ‘लाईट आल्यावर पाच मिनिटे एकही मशीन चालू करू नये.’

कारण सरळ आहे. सर्व्हरला उठायला चार मिनिटं लागतात, मशीनला हाक मारायला चार सेकंद. लाईट येताच चाळीस मशीन्स आपोआप सुरू झाली, तर ती सर्व्हर डोळे उघडायच्या आत ओरडून ओरडून थकतात, आणि मग चाळीस पडद्यांवर तोच ई५१. म्हणून आधी स्विच, मग राउटर, मग सर्व्हर, सर्वांत शेवटी मशीन्स. ‘लाईट आल्यावर आपोआप चालू हो’ ही मशीनमधली सेटिंग मॅडमनी प्रत्येकावर हाताने बंद केली आहे. नेटवर्क बूटिंगवरच्या जाड पुस्तकांत हा कागद सापडणार नाही. ती जिथे लिहिली जातात तिथे लाईट जात नसावी.

एक सर्व्हर पडला की अख्खी लॅब पडते, हा या व्यवस्थेचा धडधडीत तोटा. मॅडम तो नाकारत नाहीत. जुन्या मशीनवर सर्व्हरची दुसरी प्रत तयार करून ठेवली आहे. एका केबलची अदलाबदल केली की ती उभी राहते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुटीत, त्या मुद्दाम पहिला सर्व्हर बंद करून बघतात.

राउटरच रिकामा झाला तर

एवढं पाहिल्यावर प्रश्न पडला, की सगळ्यांच्या हाका पुढे नेणारा राउटरच कोरा झाला तर तो कुणाला हाक मारणार? उत्तर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळालं. एका माडीवरच्या दुकानात टेबलभर राउटर उघडे पडलेले, आणि एक दादा कानात इअरफोन घालून त्यातल्या एकावर झुकलेले.

‘‘हा केबलवाल्याचा. अपग्रेड चालू असताना लाईट गेली. आता डेड.’’ राउटर मायक्रोटिकचा, म्हणजे लाटव्हियातल्या रिगा शहरातल्या कंपनीचा. आपल्याकडच्या छोट्या इंटरनेटवाल्यांच्या खोल्यांत हे राउटर हमखास दिसतात. दादांनी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, फायरवॉल बंद केली, लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टला हाताने आयपी दिला: १९२.१६८.८८.२. केबल राउटरच्या पहिल्या पोर्टला. मध्ये एक साधा, बिनडोक स्विच. राउटर बंद-चालू होताना लॅपटॉपचं पोर्ट पडू नये म्हणून. मग रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरत वीज जोडली. दिवा लागला, लुकलुकला, विझला. ‘‘आता सोडायचं.’’ लॅपटॉपवरच्या नेटइन्स्टॉल या प्रोग्रॅमच्या यादीत राउटरचा मॅक ॲड्रेस उमटला. डेड राउटरनेही तीच १९८५ची हाक मारली होती.

‘‘केबल दुसऱ्या पोर्टला लावली असती तर?’’ मी विचारलं.

‘‘तर संध्याकाळपर्यंत बसला असता. बहुतेक मॉडेलमध्ये या वेळी एकच पोर्ट जागं असतं. लोक फोन करतात, दादा, होत नाही. मी आधी विचारतो, केबल कुठंय?’’

सिस्कोच्या राउटरवर हीच गोष्ट टाईप करून करावी लागते. रॉममॉन नावाच्या अगदी प्राथमिक अवस्थेत पाच ओळी भरायच्या: स्वतःचा आयपी, मास्क, बाहेर जायचा दरवाजा, सर्व्हरचा आयपी, फाईलचं नाव. कॅपिटल-स्मॉल अक्षरांत चूक चालत नाही. या अवस्थेत राउटरला रस्ते काढायचं त्याचं मूळ कामच येत नसतं. म्हणून त्यालाही एखाद्या साध्या कम्प्युटरसारखा दरवाजा दाखवून द्यावा लागतो. टीपी-लिंकच्या कित्येक मॉडेलांत तर पत्ताही कारखान्यातच ठरलेला. बटण दाबून चालू केलं की राउटर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर ठरलेल्या नावाची फाईल शोधतो. लॅपटॉपला तो पत्ता देऊन फाईल तिथे ठेवायची, बस्स. भंगारात जाणारे कित्येक राउटर एवढ्यावर वाचतील.

पहिला जो उत्तर देईल तो

या सगळ्यात मला खटकलेली गोष्ट एकच. हाक मारणारं मशीन उत्तर देणाऱ्याची ओळख विचारत नाही. टीएफटीपीत पासवर्ड नावाची भानगडच नाही. जो आधी बोलेल तो खरा. कॉलेजात एका मुलाने मोबाईलला वायफाय मिळावं म्हणून घरचा राउटर आणून लॅबच्या सॉकेटला लावला. तो राउटर मशीन्सना सर्व्हरच्या आधी उत्तर देऊ लागला, आयपी वाटू लागला, पण फाईलचं नाव त्याच्याकडे कुठलं असणार? निम्म्या लॅबवर ‘ई५३’, फाईलचं नाव मिळालं नाही. इथे निष्पाप गोंधळ झाला. वाईट हेतूचा माणूस असता तर त्याने स्वतःची फाईल दिली असती आणि मशीन ती घेऊन निमूट चालू लागलं असतं. यावर स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग आहे: उत्तर फक्त सर्व्हर ज्या बाजूला आहे त्याच पोर्टवरून येऊ द्यायचं. स्विच साधा नसेल तर ही सोय त्यात आधीच असते, पैसे देऊन घेतलेली असते आणि बंद असते. ती बंद ठेवणं मला निष्काळजीपणा वाटतो.

वरच्या लॅबमधली राउटरची ती एक ओळ, दोन्ही लॅबचे आयपी, जुन्या आणि नव्या धाटणीच्या मशीन्सना द्यायच्या वेगवेगळ्या फाईलींची नावं, हे सगळं मॅडमच्या एका लाल वहीत आहे. त्या पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतील. त्यांच्या जागी कोण येणार, ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या गावच्या शाळेत, कॉलेजात, वाचनालयात अशी लॅब असेल, तर सांभाळणाऱ्या माणसाकडून एक पानभर लिहून घ्या: राउटरच्या कुठल्या इंटरफेसवर रिलेची ओळ आहे, सर्व्हरचा आयपी काय, कुठल्या खोलीला कुठले आयपी, फाईलींची नावं काय, आणि लाईट आल्यावर काय कुठल्या क्रमाने चालू करायचं. राउटरची सेटिंग फाईल कॉपी करून छापून घ्या. ते कागद कम्प्युटरमध्ये ठेवू नका, ऑफिसच्या कपाटात ठेवा.